कुलपातली वीज

वायरमनच्या बायकोने वहिनींच्या टेबलावर एक छोटी किल्ली ठेवली आणि मगच ती खुर्चीवर टेकली.

"दवाखान्यात कपडे बदलताना ही त्यांच्या खिशात मिळाली, वहिनी. काम करताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली जवळ ठेवायची, ही त्यांची सवय. तरी आज दुपारी बाजारातल्या इमारतीच्या बोर्डावर शॉक बसला. हात भाजलाय. इमारतीचे मालक म्हणतात, चूक त्याचीच, आता कामावर येऊ नको. आणि आमचे हे स्वतःच म्हणायला लागलेत, मी कुलूप लावायला विसरलो असेन."

वहिनींचा धाकटा दीर त्याच इमारतीत दुकान चालवायचा. त्याचं ऐकून अख्खा बाजार त्यांना वहिनी म्हणे. लबाडी शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे यजमान, दादा, फक्त पिशवी धरत आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

दोघं लगेच निघाली. जिन्याखाली विजेचा बोर्ड होता. मेन बंद, त्याला कुलूप.

"हे दाबलं की बसतं," मालक म्हणाले. "तो पडल्यावर गडबडीत कुणीतरी दाबलं असेल."

"नाही हो," शेजारची फुलवाली म्हणाली. "सकाळी माझ्यासमोर लावलं त्याने. टेस्टरही लावून पाहिला. म्हणाला, बोर्ड बंद झाला ताई, आता तुमच्या दुकानाचाही खटका पाडा."

"मग वीज काय भुताने सोडली?" मालक म्हणाले.

फुलवालीच्या दुकानात खटका पाडलेला होता. फ्रिजखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि फुलं बादल्यांत सुकत होती. औषधवाल्याचाही खटका खाली. त्याने औषधं बर्फाच्या खोक्यात भरून ठेवली होती आणि बर्फ संपत आल्याने तो वैतागला होता.

तिसरं दुकान दिराचं. वह्या, पेनं आणि पार मागच्या भिंतीला शीतपेयांचा फ्रिज.

"दादा, किती घामेजलात. घ्या." त्याने बाटली काढून दिली. पहिल्याच घोटाला दादांचे दात शिवशिवले. आपलं माणूस ते आपलं माणूस, असं त्यांच्या मनात आलं.

"तुझा खटका वरच आहे," वहिनी म्हणाल्या.

"वीजच नाही, तर पाडायचं काय, वहिनी?"

"आणि दाराशी हा इन्व्हर्टर?"

"बिलाच्या मशीनपुरता. मी सकाळपासून अंधारात बसलोय. वायरमन बिचारा चांगला, पण जरा घाईचा."

वहिनींनी सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं.

"कुलूप लावलेलं होतं, बोर्डही बंद होता. म्हणजे वीज मेनमधून आली नाही. ती आतून आली. बोर्डावरून वीज ज्या तारांनी दुकानात जाते, त्याच तारांनी ती उलटीही येते, आत कुणी सोडली तर. खटका पाडला की ती वाट बंद. एकच वाट उघडी राहिली."

दादांच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता.

"अहो, ती बाटली द्या जरा."

वहिनींनी ती फुलवालीच्या हातात ठेवली. "गार आहे?"

"बर्फासारखी," फुलवाली म्हणाली, आणि दिराकडे बघतच राहिली.

"सकाळपासून बंद असलेल्या फ्रिजमधली. इन्व्हर्टर दाराशी, फ्रिज मागे. तार पोचत नाही. मग दोन्ही टोकांना पिना असलेली तार घ्यायची. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं जवळच्या भिंतीतल्या प्लगात. भिंतीतल्या तारांतून मागचा फ्रिज चालू होतो. आणि बोर्डावर हात असलेला माणूस भाजतो."

दिराने गल्ल्याखालून तार आणली. "तो पडल्याचा आवाज आला आणि मी ती ओढून काढली. सांगणारच होतो. पण सगळे त्याचीच चूक म्हणाले, आणि मीही म्हटलं."

दादांना मान वर करवेना. पुरावा हातात धरून आपण तो चवीने पीत होतो, याची त्यांना लाज वाटली, आणि भावाची त्याहून जास्त.

औषधवाला गुपचूप दुकानात गेला आणि तशीच एक तार घेऊन आला. "मागे दिवसभर वीज गेली होती, तेव्हा केली होती," तो पुटपुटला. मालकही उठून आपल्या ऑफिसातून एक तार घेऊन आले. दादांनी तिन्ही पिशवीत घातल्या.

दवाखान्यात वायरमन त्या सगळ्यांना बघून उठायची धडपड करू लागला. "मालक, माफ करा. खरंच आठवत नाही, मी कुलूप लावलं होतं का."

"लावलं होतंस," दीर जमिनीकडे बघत म्हणाला. "वीज मी सोडली, दोन पिनांच्या तारेने. माझ्या फ्रिजसाठी."

"बरा झालास की कामावर ये," मालक म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की वायरमनच्या बायकोला ते पुन्हा विचारावं लागलं.

वायरमनने बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवला. मग म्हणाला, "ती तार काढलीत ना तिथून? माझ्या जागी आज दुसरं कुणी कामाला येईल."

दादांनी पिशवी उघडून दाखवली. वायरमनने आत डोकावून पाहिलं, तारा मोजल्या आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या नजरेला नजर द्यायला कुणीच तयार नव्हतं.