उजव्या हातातली ढाल

"बाई, जरा चला. मेजरसायबांच्या कपाटातलं साचं चोरीला गेलतं. चोर जीपमधी बसवून आणलाय."

हवालदार भरमू पायताण काढून दारात उभा होता. जयाबाईंनी हातानेच त्याला थांबवलं. वहीवर शंभर 'श्री' उमटले होते, आठ राहिले होते. लाकडी ठसा गंधात बुडवून रोज एकशेआठ 'श्री', मगच तोंडात पाणी, असा त्यांचा चातुर्मासाचा नेम. आठ पुरे झाले तेव्हाच त्या बोलल्या.

"चोर सापडलाय, मग माझं काय काम?"

"चोर म्हणतोय, साचं माझंच. सायेब म्हणत्यात, माझं. तुम्ही शेजारच्या. सायबांची इंग्रजी पत्रं तुम्हीच लिवता. आन चित्रकला शिकवलीसा आम्हाला. तुमास्नी काय तरी दिसंल."

ओला ठसा फडक्यात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला आणि निघाल्या.

बेळगावच्या कॅम्पात मेजर परशराम चौगुल्यांचा बंगला सगळ्यांना ठाऊक होता. दिवाणखान्यात मोठं टेबल, त्यावर वाळूचा किनारा, आणि किनाऱ्यावर बोटाएवढे साठ शिशाचे शिपाई. व्हायकिंग. हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून होड्या घेऊन लुटायला निघालेले दर्यावर्दी. रविवारी मेजरांचे निवृत्त दोस्त फासे टाकून तिथं लढाया खेळायचे.

मेजर खुर्चीत ताठ बसले होते. चोर म्हणून आणलेला सत्याप्पा दाराबाहेर, पायरीवर. त्याच्या पुढ्यात गोणपाटावर शिपाई ओतायचे मऊ दगडाचे आठ साचे.

"निपाणीला ह्याच्या घरात सापडलं," भरमू म्हणाला.

"तीन वर्षं खपलोय मी त्या साच्यांवर," मेजर म्हणाले. "लंडनच्या मासिकात गेल्या आठवड्यात ह्या शिपायांचा फोटो आला. खाली माझं नाव. लगेच ह्याच्या पोटात दुखलं."

"सत्याप्पा काय करायचा इथं?"

"शिसं वितळवायचा. बास."

जयाबाई पायरीकडे वळल्या. "तू काय म्हणतोस?"

"मी कोरल्यात, बाई. फोटू बघितला आन इचारलं, माझं नाव कुठाय? सायेब हासलं. म्हणून माझं मी घेऊन गेलो."

"रातीचं?" भरमूनं दरडावलं.

"भर दुपारचं. ह्याच दारानं."

"शिपाई कसे असावेत, हे तुला कुणी सांगितलं?"

"सायबांनी. पुस्तकं वाचून दावायचं. टोपाला नाकावर पट्टी पायजे, ढाल गोल, मधी लोखंडाची वाटी. ते त्येंचंच, मी न्हाय म्हणत न्हाय."

"त्याआधी काय करायचास?"

"तंबाखूच्या पुड्यावर मारायचं लाकडी ठसं कोरायचो. बावीस वर्सं. आता छापखान्यात रंगीत लेबलं निघत्यात. आमास्नी कोण इचारतंय?"

जयाबाई कपाटाशी गेल्या. खालच्या फळीवर धूळ खात आणखी पाच शिपाई पडले होते. टोपाला बैलासारखी शिंगं. ढाल उजव्या हातात, तलवार डाव्या.

"हे कुणाचे?"

मेजर हसले. "त्याचेच, अगदी पहिले. व्हायकिंगांच्या टोपाला शिंगं नव्हतीच हो, ती नाटकवाल्यांनी चिकटवली. आणि पाचच्या पाच डावखुरे! अडाण्याच्या हातात काम दिलं की असं होतं."

जयाबाईंनी एक शिपाई खिडकीच्या उजेडात धरला. मग पिशवीतला ठसा काढून त्याकडे बराच वेळ पाहिलं.

"भरमू, आतून साबणाच्या दोन वड्या आण. आणि थोडी मळलेली कणीक."

"कणीक? लाटायचं काय, बाई?"

"आण तर."

दोघांपुढे एकेक वडी आणि एकेक चाकू ठेवला. मधे मासिकातलं शिपायाचं चित्र, ढाल डाव्या हातात. "असाच शिपाई निघायला हवा. साचा कोरा."

"मी असल्या परीक्षा द्यायच्या?" मेजर गुरगुरले. पण भरमू बघत होता. त्यांनी चाकू उचलला.

पंधरा मिनिटं दोघांचे चाकू चालले. मग जयाबाईंनी दोन्ही वड्यांवर कणीक दाबली आणि अलगद सोडवली.

सत्याप्पाच्या शिपायाची ढाल डाव्या हातात होती. मेजरांच्या शिपायाची उजव्या.

"आयला!" भरमूच्या तोंडून निघून गेलं.

जयाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "हा ठसा बघ, भरमू. लाकडात 'श्री' उलटा आहे म्हणून कागदावर सुलटा उमटतो. साच्याचंही तसंच. चित्रात दिसतं तसं कोरलं की शिपाई डावखुरा निघतो. बावीस वर्षं उलटं कोरणारा माणूस ही चूक पाचदा करेल? झोपेत एकदासुद्धा करायचा नाही. ते पाच मेजरांनी कोरलेत. ते का बिघडले, हे त्यांना आजही ठाऊक नाही. म्हणून तर सत्याप्पाला बोलावला आणि आपली चूक त्याच्या नावावर टाकली. शिंगं नसतात हे मेजरांना पुस्तकातून कळलं, तेवढं खरं. हात मात्र सत्याप्पाचा. चोरी साच्यांची नाही झाली, नावाची झाली."

मेजरांनी कणकेचा शिपाई मुठीत चुरगळला.

"मग काय करायला हवं होतं? बिडी-तंबाखूच्या ठसेवाल्याचं नाव लंडनला छापायचं? ज्याला आम्ही कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याचं?" त्यांनी कणीक झटकली. "फिर्याद मागे घेतो. झालं?"

भरमूनं वही मिटली. तेवढंच झालं.

साचे गोणपाटात बांधता बांधता सत्याप्पा थबकला. "बाई, त्या ठशाच्या बुडाला आडवी बारकी रेघ हाय?"

जयाबाईंनी ठसा उलटा केला. रेघ होती.

"मग त्यो माझा. निपाणीच्या देवळानं बारा करून घेतलं. रस्त्यावर बसवून. माझा हात लागला म्हणून धुऊन घेतलं म्हणं."

त्या देवळातून आणलेला तो ठसा जयाबाई अकरा चातुर्मास रोज डोळ्यांना लावत होत्या.

साचे सत्याप्पानं कोरलेत, असं पत्र त्याच दुपारी त्यांनी लंडनच्या मासिकाला लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. छापलेला मजकूर मासिक बदलत नाही. मेजरसाहेबांच्या पुढच्या कामाची वाट पाहत आहोत.

ते घेऊन त्या निपाणीला गेल्या. सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत पोती शिवत होता. त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली.

"साचे कुठं आहेत?"

त्यानं बोट दाखवलं. तंबाखूच्या पानांवर वजन म्हणून आठही दगड रचले होते. "दगूड झ्याक हाय, बाई. पानं हालत न्हाईत."

पोत्यात सुई खुपसून तो थांबला.

"पैलं पत्र, ज्यात सायबांनी कोरलं म्हणून लिवलतं, ते कुणाच्या हातचं?"

"माझ्याच. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. विचारलंच नाही."

"व्हय," सत्याप्पा म्हणाला. "सायेब म्हणायचं, बाईंचं अक्षर लई सुरेख हाय."

आणि त्यानं सुई ओढली.