धुतलेली राख

डंपर वळला, मागे राखेचा लोट उठला आणि कोऱ्या पांढऱ्या कोटातली प्रयोगशाळेतली नवी मुलगी नखशिखांत करडी झाली. ही त्यांची पहिली भेट. डंपरवाला माफी मागायला खाली उतरला खरा. पण तिला अशा काही शिंका सुटल्या, की बिचाऱ्याला बोलायला संधीच मिळेना.

"रोज अशीच आंघोळ घालणार का?" नाक पुसत तिनं विचारलं.

"नाही... यापुढे काळजी घेईन."

आणि घेतली की हो त्यानं काळजी. तीच तर नडली.

वीजघरामागे कोळशाच्या राखेचा डोंगर साचला होता. फोनला, मोटारींना लागणारे दुर्मिळ धातू अशा राखेत दडलेले असतात. ते किती निघतात हे बघायला तिला पाठवलं होतं. नमुने आणायचं काम डंपरवाल्याकडे. दुपारी पिशवी ठेवून तो उगाच खिडकीशी रेंगाळायचा. "आज सापडलं का काही?" तिचेही कान जेवण झालं की डंपरच्या आवाजाकडे लागायचे... कबूल मात्र कोण करतंय!

पण धातू काही हाती लागेना. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, या आठवड्यात जमलं नाही तर प्रयोगशाळा बंद. तिकडे घरून मावशीचा फोनवर एकच धोशा, "ये बाई परत." तिनं बॅग काढली खरी, पण एक कपडाही तिच्यानं आत ठेववेना. हे दुःख काही राखेचं नव्हतं, तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच हातमोजा काढून नमुना बोटांत चोळताना ती थबकली. भरड, स्वच्छ, वाळूसारखा. राख अशी असते होय?

"तुम्ही हिला काय केलंत?"

"चाळली, धुतली, वाळवली," तो जरा ऐटीतच म्हणाला. "बारीक धूळ सगळी काढून टाकतो. तुम्हाला शिंका येतात ना—"

"अहो, त्या बारीक धुळीतच तर जास्त धातू असतात..."

त्याचा चेहरा एवढासा झाला. ती चिडणार होती, चांगली चिडणार होती. पण हा माणूस नळाखाली बसून आपल्यासाठी राख धुतोय, हे डोळ्यांपुढे आलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. उलट तिचेच डोळे भरून आले.

दोघं मिळून डोंगरावर गेले. तोंडाला मास्क बांधून तिनं पिशव्या धरल्या, त्यानं फावडं मारलं. कोपरापर्यंत दोघंही राखेनं माखले.

आठवडा सरता सरता आकडे आले, चांगले आले. साहेबांचा फोन ठेवून ती तडक डंपरपाशी गेली.

"काम मंजूर झालं. डोंगर संपेपर्यंत मी इथंच."

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही जाणार म्हणून... मला झोपच लागत नव्हती."

"मलाही जायचं नव्हतं. तुम्हाला सोडून तर नाहीच."

त्यानं डोंगराकडे पाहिलं, मग डंपरकडे.

"जोर लावला तर चार-पाच वर्षांत उपसून होईल," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"मग काय... आजपासून डंपर सावकाश चालवणार."