धरणातल्या जोत्यावरचा पहारा

आधीच सांगते. ज्यांना खाली "फेक आहे" असं लिहायचंय, त्यांनी खुशाल लिहा. माझ्याकडे भांडायला वेळ नाही.

हे खरं आहे. माझ्या नवऱ्यासोबत घडलंय, माझ्यासोबत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मे महिन्यातल्या भर दुपारची आहे. जागा मुळशी, धरणाचा काठ.

माझं नाव समरीन. नवरा अनिस. आम्ही मारुंजीत भाड्याने राहायचो. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायचा, आठवडाभर खुर्चीला चिकटलेला. त्याला यंदा एक खूळ लागलं. ऑफिसातल्या ऋषिकेशचं एक पथक होतं. शिवकाळातल्या मावळ्यांसारखे कपडे घालायचे, ढाल-भाला घ्यायचा आणि शनिवार-रविवार कुठेतरी मोकळ्यावर तळ टाकून तेव्हाच्यासारखं राहायचं. नाटक नाही, प्रेक्षक नाहीत. नुसतं राहायचं.

मी म्हटलं, घरातला सिलेंडर सरकवताना कंबर धरतोस आणि निघालास लढायला! पण गडी खूश होता. त्याचे अब्बा सांगायचे की आपले पूर्वज तोफखान्यात होते. खरं की खोटं कुणास ठाऊक, पण अनिसच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. शेवटी बाराबंदी मीच शिवून दिली.

ऋषिकेश या बाबतीत भलता कडक. बटण चालणार नाही, चेन चालणार नाही, बंदच हवेत. मोबाईल गाडीत ठेवायचे. आणि नव्या माणसाच्या हातात तो तलवार देतच नसे.

आधी पहारा शिकायचा.

नियम असा. पहारेकऱ्याने जागा सोडायची नाही. बदली माणूस समोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, पहारा माझा. मग पहिल्याने निघायचं. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. बदली आलीच नाही तर उभं राहायचं. ऊन असो, भूक असो.

अनिस हे घरीही करायचा. मी दूध तापवत उभी असले की ताठ होऊन समोर यायचा आणि म्हणायचा, पहारा माझा. मी हसत बाहेर जायचे आणि हा दूध उतू घालवायचा.

मे महिन्यातल्या तळाला घरच्यांनाही बोलावलं होतं. धरणाचं पाणी पार खाली गेलेलं. एरवी बुडालेली जमीन उघडी पडली होती, भेगाळलेली. कुठल्याशा जुन्या वस्तीचे दगड वर आले होते. तळापासून थोडं पुढे, पाण्याला लागून, एक दगडी जोतं होतं. वेशीचं असावं.

दुपारची जेवणं चालू होती. गावातल्या धोंडाबाईंनी पिठलं-भाकरी करून आणली होती. अनिस पाण्यावर हात धुवायला गेला तो आलाच नाही.

मी उठून बघितलं.

तिकडून एक माणूस येत होता... पथकाच्याच वेशात. कपडे इतके विटलेले की मला वाटलं, बाई गं, याने केवढी मेहनत घेतलीय. मी म्हटलं, भाऊ, जेवून घ्या.

तो थांबला नाही.

माझ्या अगदी जवळून गेला... आणि मला थंडी वाजली.

मे महिन्यात.

त्याचे कपडे ओलेचिंब होते. बाह्यांमधून पाणी निथळत होतं. वाळलेल्या चिखलाची ढेकळं तुडवत चालला होता, पण पावलांचा आवाज येत नव्हता... आणि एकही ढेकूळ फुटत नव्हतं.

मी ऋषिकेशला विचारायला मान वळवली. परत बघते तर...

मोकळा माळ. लपायला एक झुडूप नाही.

आणि जोत्यावर अनिस उभा होता. पाण्याकडे पाठ, हातात भाला. मी हाक मारली तसा हसला. म्हणाला, तो बिचारा केव्हाचा उन्हात उभा होता, त्याला कुणी बदलीच देत नव्हतं, म्हणून मी घेतला. तुम्ही जेवून घ्या, मी बघतो.

ऋषिकेश माझ्या मागेच होता. त्याचा चेहरा उतरला.

"अनिस," तो म्हणाला, "मी तिथे कुणालाच उभं केलं नव्हतं."

मी म्हटलं, पुरे आता, उतर खाली. अनिसने पाय उचलायला बघितलं.

उचललाच गेला नाही.

आधी तो हसत होता. मग हसायचा थांबला.

ऋषिकेशने आणि पथकातल्या दोघांनी त्याला खांद्याला, पायाला धरून उचललं. जोत्यावर होता तोवर ठीक होता. जोत्याच्या कडेबाहेर आणला मात्र... त्याचा श्वास बंद झाला. ओठ निळे पडले. आणि त्याच्या नाकातोंडातून पाणी यायला लागलं. गढूळ पाणी, भडाभडा. त्या कोरड्या ठणठणीत उन्हात माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता.

मी किंचाळले. त्यांनी त्याला परत वर ठेवला.

पाणी थांबलं. तो श्वास घ्यायला लागला.

मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली. ऋषिकेश हात जोडून कुणाकुणाचं नाव घेत होता. ऊन कलायला लागलं. अनिस उभा राहून पार दमला होता, पण बसताही येत नव्हतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मला भीती वाटली की मी रडत बसत नाही, चिडते. म्हटलं, ज्या शब्दांनी हा अडकलाय, त्याच शब्दांनी सुटेल. मी जोत्यावर चढले.

"समरीन, नको," अनिस म्हणाला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पहारा माझा."

तो खाली उतरला. सरळ चालत गेला, मागे न बघता. तळावर पोचल्यावर मातीत बसून लहान पोरासारखा रडला.

आणि माझे पाय दगड झाले.

हळूहळू आवाज गेले. वारा, पक्षी... सगळं बंद. समोर ऋषिकेशचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं.

मग मागून आवाज आला.

कुणीतरी घोरत होतं.

मग दुसरं कुणीतरी... मग कितीतरी जण. एक तान्हं बाळ झोपेत कुरकुरलं... आणि कुणीतरी त्याला थोपटलं.

माझ्या मागे फक्त धरणाचं पाणी होतं.

मान वळवता येत नव्हती. येत असती तरी मी वळवली नसती. मला एवढंच कळत होतं की हे सगळे कुणाच्या तरी भरवशावर निजलेत, आणि ती कुणीतरी सध्या मी आहे.

दिवस मावळताना ऋषिकेशने माझी बदली केली. त्यानंतर जोतं कधी रिकामं राहिलं नाही. पथकातले बाकीचे त्याच दिवशी गाड्या काढून पळाले. आम्ही तिघं पाळीपाळीने उभे राहायला लागलो. मुळशीत एक खोली घेतली. अनिसची रजा संपली, मग नोकरी गेली. घरी सांगितलं, इथे रिसॉर्टचं काम घेतलंय. दुसरं काय सांगणार?

धोंडाबाईंना मी खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय बी म्हाईत न्हाई बाई. आमी तितं जनावरं बी न्हेत न्हाई. का न्हेत न्हाई, त्ये बी म्हाईत न्हाई." आणि डबा ठेवून निघून गेल्या.

पाऊस धरला आणि पाणी चढायला लागलं.

तेव्हा मला तो माणूस आठवला. ओलाचिंब. इतकी वर्षं तो पाण्याखाली उभा होता. बदलीची वाट बघत.

ऋषिकेशलाही हे कळलं असणार. एका सकाळी त्याने अनिसला पहारा दिला, अंघोळ करून येतो म्हणाला आणि गेला. फोन बंद. व्हॉट्सअॅपवरचा पथकाचा ग्रुपही उडवला. मी त्याला रोज शिव्या घालते. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही गेले असते.

तेव्हापासून अनिसच उभा आहे.

मी बदलीला गेले की तो भाला आडवा धरतो. मला जवळच येऊ देत नाही. माझं बोलणं त्याला ऐकू येत नाही, पण मी काय म्हणतेय ते कळतं. परवा म्हणाला, "तू वर आलीस तर मला उतरावं लागेल. मग तुला पाण्यात बघत मी काठावर बसू? माझ्याच्याने होणार नाही."

मी त्याला जेवण लांबूनच देते. भाल्याच्या टोकाला डबा अडकवते, तो ओढून घेतो. रडू नको म्हणतो. आणि मग एकदम गप्प होऊन, मागे कुणीतरी जागं होईल अशा हळू आवाजात बोलायला लागतो.

काल पाणी त्याच्या घोट्यांवर आलं. धरण भरायला अजून खूप पाऊस पडायचाय.

आज सकाळी मला एक फोन आला. अपूर्वा नावाची मुलगी. मूळची लातूरची, माण गावात रूम घेऊन राहते, हिंजवडीत नवीन नोकरीला लागलीय. मेच्या तळाची पथकाची जुनी पोस्ट तिने कुठेतरी पाहिली होती. बायकांनी संपर्क करायला त्यात माझा नंबर होता. म्हणाली, ताई, मला हे सुरू करायचंय, अनुभव काहीच नाही, चालेल का?

मी तिला सगळं सांगितलं. इथे लिहिलंय तेवढं सगळं. ती घाबरून येऊ नये म्हणूनच सांगितलं, अल्लाशपथ.

तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "ताई, कसलं भारी! मी रविवारी येतेच. पहिला पहारा मीच देणार."

मी ओरडायला हवं होतं. मी तिला रस्ता सांगितला. पौड सोडल्यावर कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची, पायात काय घालायचं. ती सगळं नीट लिहून घेत होती. मधेच तिने विचारलं, डबा आणू का तुमच्यासाठी?

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी भूक लागली. मी पोटभर जेवले.

रविवार यायचाय अजून. फोन समोरच पडलाय. येऊ नकोस, एवढंच तर म्हणायचंय तिला...

मी अजून फोन केलेला नाही.