वाळूतली चूल

काडी ओढली की विझायची. वाळूत मांडलेल्या तीन दगडांपुढे मी पदर आडवा धरून बसले होते, आणि सूर्य काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. तो बुडाला की आई अन्नाला शिवणार नव्हती. आम्ही सांगलीचे जैन. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत.

"वाऱ्याशी भांडताय व्हय?"

मी मान वर केली. उन्हाने रापलेला एक उंच तरुण, हातात खोरं.

"भांडत नाही. चूल पेटवतेय."

"मग सरका जरा."

त्याने वाळूत खड्डा खणला, दगड आत उतरवले, समुद्राच्या बाजूला वाळूचा बांध घातला. काडी ओढली... आणि चुलीने जाळ धरला.

"गुऱ्हाळाचं चुलवाण बी असंच जमिनीत असतंय," तो म्हणाला. "मी अण्णाप्पा, आष्ट्याचा. रत्नागिरीला गूळ घालून चार दिस हितं ऱ्हायलोय. मलाबी दिस बुडायच्या आत जेवायचंय... माझ्या वाटणीच्या दोन भाकरी पडतील का तव्यावर?"

सेहेचाळीस सालचा फाल्गुन होता. आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. आई तो दोघांच्या वतीने पाहायला आली होती. देवळाकडच्या किनाऱ्यावरची यात्रेकरूंची गर्दी तिला नको होती, म्हणून खाडीपलीकडच्या या निवांत वाडीत आम्ही खोली घेतली. वारा मात्र भणाणता. झावळ्यांच्या छपराखाली जाळ करायचा नाही, असं मालकिणीने बजावलेलं.

मग तो रोज संध्याकाळी यायचा. मी भाकरी थापायची, त्याने जाळ सांभाळायचा. माझे केस तोंडावर उडायचे, हात पिठाचे...

"काय बघता?"

"भाकरी करपतीया."

"भाकरी तव्यावर आहे. माझ्या तोंडावर नाही."

तो कानापर्यंत लाल व्हायचा. आई हसायची. वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं – आईला एकटं सोडून लग्न करायचं नाही. आलेली स्थळं त्याचसाठी परत पाठवली होती.

शेवटच्या संध्याकाळी वारा पडला. सकाळी आम्ही निघणार होतो. पहिल्याच काडीला चूल भडकली. आता त्याने यावं तरी कशाला? मी हळूच मागे पाहिलं, कुणी नव्हतं... आणि तांब्यातलं पाणी चुलीत ओतलं.

"आज वारं लय ओलं हाय," मागून आवाज आला.

मी वळले नाही. कान तापले होते.

"चूल पेटवून देतो. पर एक बोलायचं हाय."

"कळलं मला. पण... आई एकटी राहील."

"त्यांस्नी एकटं कोण ठेवतंय?" त्याने उंबऱ्यात येऊन बसलेल्या आईला हाक मारली. "अव्वा, आष्ट्याला चला! घरात मी एकटाच हाय."

"लेकीच्या घरी ऱ्हात्यात व्हय कुठं?"

"मग मीच सांगलीला येतो. तुमच्या शेजारची जागा घेतो. मधी भिंत ठिवू."

आईने पाण्याकडे पाहिलं. सूर्य टेकला होता.

"भिंतीला दार ठेवा," ती म्हणाली. मग लगबगीने आत गेली आणि गुळाचे खडे घेऊन आली. "घ्या, जावईबापू. विजू, तू पण. आवरा! दिस बुडला तर उद्यापतुर तोंड गोड करता यायचं न्हाई."

भाकरी राहिलीच. आम्ही तिघंही त्या रात्री उपाशी झोपलो... कुणाचीच तक्रार नव्हती.