ज्वारीच्या दाण्याएवढी फट

न्हाणीघराचं दार पडलं, ते नेमकं कृष्णातच्या अंगावर.

खासबागेचं कुस्त्यांचं मैदान बांधून पुरं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. शिवाजी पेठेत गणपतराव सुतारांच्या घरी त्यांची लेक तानू न्हाऊन, लुगडं नेसून, ओले केस पिळत बाहेर निघाली होती. तिनं दार ढकललं मात्र... वरची गंजकी बिजागरी तुटली आणि अख्खं सागवानी दार बाहेर कोसळलं. पण आदळल्याचा आवाज काही आला नाही. दाराआडून माणसाचा आवाज आला.

“मी डोळं मिटल्यात बगा! पन उघडू का न्हाय ते जरा लवकर सांगा. दार लई जड हाय.”

तानूला हसू आवरेना. “उघडा की! मी काय अजून न्हातीय व्हय?”

त्यानं डोळे उघडले. आणि दार खाली ठेवायचं असतं, हेच विसरून तो तसाच उभा राहिला.

“पावणं... कोन तुम्ही?”

“कृष्णात. बिद्रीचा सुतार. ह्याच दाराच्या कामाला आलोय.”

सुताराच्या घरी बाहेरचा सुतार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गणपतराव एकेकाळचे सुतारकामातले नावाजलेले वस्ताद. पण दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग लुळं पडलं आणि तेव्हापासून ते सोप्यातल्या बाजेवर पडून होते. तानूची आई शालूबाई हिनं कृष्णातला एवढंच सांगितलं होतं, “वैशाखात पावणं यायचंत, दार तेवढं नीट करून दे.” पाहुणे कशाला यायचे, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

पाहुणे तानूच्या लग्नाला यायचे होते. माघातच हातकणंगल्याला सुपारी फुटली होती. नवरा बिजवर, वयानं दुप्पट. ‘बाप असा पडलेला, पोरीला दुसरं कोण करणार?’ असं सगळे म्हणाले, आणि तानूनंही मान डोलावली होती. तोवर डोळे मिटून दार झेलणारा कुणी तिला भेटला नव्हता ना!

काम चार दिवसांचं. दाराची खालची फळी पाणी पिऊन पिऊन इतकी कुजली होती की बोट लावताच भुगा व्हायचा. दोन्ही बिजागऱ्या बदलायच्या, कडी नवी बसवायची. कृष्णात अंगणात रंधा मारायचा, आणि तानूला नेमकी तेव्हाच अंगणात तांदूळ निवडायची घाई असायची.

“ही कडी नुसती शोभेचीच हाय की! लागतच न्हवती. मग न्हाताना वो?”

“मी गाणं म्हनते. आत कोन हाय, ते घरात कळतं.”

“मग बसवतच न्हाय मी कडी.”

“का?”

“गाणं बंद हुईल की...”

तानूनं सूप आडवं धरून तोंड लपवलं. सोप्यातून गणपतराव म्हणाले, “पोराचा रंधा गोड चालतोय गं!” बाजेवर पडल्यापासून त्यांचे डोळे कानांत आले होते.

रोज सकाळी तानू ठरवायची, आज सांगून टाकायचं. आणि रोज संध्याकाळ व्हायची. सांगितलं की हे सगळं संपणार. पुढं उभा जन्म तिला हातकणंगल्यातच काढायचा होता. त्यातले हे चार दिवस तरी आपले असावेत, असं तिला वाटलं. चुकलंच तिचं. पण तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतंत?

चौथ्या दिवशी दार नव्या कडीसकट चौकटीत बसलं. तानूनं सवयीनं कडेवरून नख फिरवलं आणि ती थबकली. सुताराची लेक ती! न्हाणीच्या दाराला ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट सोडतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आखाडात लाकूड फुगतं; फट नसली की दार अडतं. इथं तर नखसुद्धा जात नव्हतं.

“फट न्हाय सोडली?”

“न्हाय.” कृष्णातचा आवाज एकदम खाली आला. “आयुष्यात पयल्यांदाच. म्हंजे आखाडात दार अडंल... आन् मला यावंच लागंल. बिद्रीच्या वाड्याचं काम तवर उरकतंय. येताना आईला संगं आणतो... वस्तादांस्नी विचारायला. येऊ न्हवं?”

हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. तानूचे ओठ हलले... तेवढ्यात सोप्यातून हाक आली.

“कृष्णात, फट सोडलीस न्हवं रं?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे.

“सोडलीया, आबा!” तानूच ओरडून म्हणाली. मग फक्त त्याला ऐकू जाईल असं पुटपुटली, “आखाडात या.”

यात खोटं काही नव्हतं. नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा, ही रीतच आहे. आखाडात ती इथं असणारच होती, आणि तो पुन्हा एकदा दिसणार होता. तिनं तेवढंच धरून ठेवलं. त्याला काय दिसणार, याचा विचार तिनं केला नाही.

वैशाखात त्याच न्हाणीघरात तिला हळदीचं न्हाणं घातलं. दार अगदी घट्ट लागत होतं.

आखाडात ती आगगाडीनं माहेरी आली, तेव्हा बाहेर धार लागली होती आणि दार अडलं होतं. खांदा लावल्याशिवाय हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो आला. डोईला नवा फेटा, आणि मागं त्याची आई धोंडुबाई, पदराखाली खण-नारळ धरून.

तानू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हातभर हिरवा चुडा, गळ्यात मणी-मंगळसूत्र.

“लेक आखाडाला आलीया,” शालूबाई कौतुकानं म्हणाली. “वैशाखातच उरकलं बगा.”

धोंडुबाईनं लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग पदराखालच्या नारळाकडे. ओटीचा म्हणून घराबाहेर काढलेला नारळ माघारी कसा न्यायचा?

“ये बाळ,” ती म्हणाली, आणि सून म्हणून जिची ओटी भरायची, तिची परक्याची सवाष्ण म्हणून भरली. तानूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

कृष्णातनं दार उतरवलं. रंधा चालू लागला. तानू जवळ जाऊन उभी राहिली.

“त्या दिशी एक शब्द बोलायचा व्हता तुम्ही,” तो मान वर न करता म्हणाला.

“बोलले असते, तर तुम्ही तवाच निघून गेला असता...”

“गेलो असतो. पन आईला घिऊन आलो नसतो.”

त्यानं दार चढवलं, कडेतून ज्वारीचा एक दाणा सोडला. दाणा अडखळला नाही.

“आता हे दार पुन्यांदा अडायचं न्हाय,” तो म्हणाला. मायलेक पावसात निघून गेले.

तानू सोप्यात आली, तेव्हा गणपतराव आढ्याकडे बघत होते.

“तानू... त्या दिशी फटीचा शेवटचा रंधा फिरलाच न्हवता. मला ऐकू आलं व्हतं.”

“मग गप का बसलासा, आबा?”

“सुपारी फुटली व्हती, पोरी. शब्द गेला व्हता माजा...” त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. “आन् तू हसत व्हतीस गं. मला ते ऐकायचं व्हतं.”

तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि न्हाणीघरात गेली. दार एका बोटानं लागलं. नवी कडीही आवाज न करता बसली.

बऱ्याच वेळानं शालूबाई बाहेर येऊन उभी राहिली. तिनं कान देऊन पाहिलं आणि हाक मारली, “तानू, आत हायस का गं?”

पूर्वी असं विचारावं लागत नसे.