चार लिटरचा संशय

भीमेच्या पुलाच्या थोडं अलीकडे एक मोटारसायकलवाला आपल्या मागे लागलाय, हे फरहतच्या लक्षात आलं आणि तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. तिनं वेग वाढवला, त्यानंही वाढवला. पुढे उसाची ट्रॉली होती म्हणून तिला हळू व्हावं लागलं, तर तो थेट खिडकीशेजारी आला आणि हातानं कसल्यातरी खुणा करू लागला. तिनं काच पूर्ण वर केली.

ट्रॉली पुलाच्या तोंडाशी अडकली आणि रस्ता तुंबला. तो गाडीवरून उतरला, पण जवळ आला नाही. दहा पावलांवर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, मागचं डावं चाक तापलंय. जळका वास येतोय. ब्रेक धरून बसलाय."

ती हलली नाही.

"मी इथंच उभा हाय. तुम्ही उतरून बघा. हात लावू नका फक्त... नुसता जवळ न्या."

फरहत उतरली. डिसेंबरची सकाळ होती, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली होती, आणि वीतभर अंतरावरूनच त्या चाकाची धग तिच्या तळहाताला लागली. मग तिनं त्याला मानेनंच बोलावलं. त्यानं पिशवीतून पाना काढला, गुडघ्यावर बसून ब्रेक ढिला केला. सांगितलं की त्याचं नाव राहिल, दौंडच्या पुढे कुरकुंभ रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, शिरूरहून सामान घेऊन तो परत चालला होता. हात पुसता पुसता त्यानं साधा प्रश्न विचारला, "गाडी पेट्रोल जास्त पितीय का?"

आणि फरहतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा घाबरला.

कारण त्या एका प्रश्नावर तिच्या घरी गेला महिनाभर धुसफूस चालली होती. फरहत डोळे तपासायचं शिकली होती. आठवड्यातून तीन दिवस ती शिरूरहून दौंडच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायला जायची. जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर. गाडी अब्बांची, अठरा वर्षांची, किलोमीटरचा काटा दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. अब्बांचं, म्हणजे सिद्दीक मास्तरांचं, बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं. गाडीचं सगळं तिचा थोरला भाऊ अनिस पाहायचा. सकाळी निघताना टाकी काठोकाठ भरलेली असायची, संध्याकाळी तो ती पुन्हा काठोकाठ भरायचा. पूर्वी सात लिटर लागायचं. आता अकरा लागत होतं.

अनिस ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवताना खाली मान घालून त्यानं एवढंच विचारलं होतं, की या चार लिटरमध्ये तू जातेस कुठं?

ती कुठंच जात नव्हती. पण बंद काट्याची गाडी साक्ष कशी देणार? अम्मी तिच्याकडे बघायचं टाळू लागली. घरात स्थळांची चर्चा अचानक वाढली, आणि नोकरीची कमी झाली.

हे सगळं तिनं एका अनोळखी माणसाला पुलाच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं. का सांगितलं, ते तिला कळलं नाही. राहिल ऐकत राहिला. मग म्हणाला, "एकट्या ब्रेकचं हे काम न्हाई. अजून काहीतरी हाय. गाडी आणा गॅरेजला... शोधू."

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती गेली. दारातच बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. राहिलनं इंजिनाची हवा गाळायची जाळी बाहेर काढली, ती धुळीनं आणि उसाच्या चिपाडानं गच्च भरलेली. चाकांत हवा कमी होती. मागचा ब्रेक त्यानं पूर्ण उघडून साफ केला. मग गाडी सपाट रस्त्यावर नेली, गिअर काढला आणि नुसती घरंगळू दिली. कालपर्यंत जी गाडी लगेच थांबली असती, ती लांबवर, त्या बाभळीपर्यंत गेली. फरहत कित्येक दिवसांनी हसली.

"हसताना बऱ्या दिसता," तो म्हणाला आणि लगेच बॉनेटमध्ये डोकं घातलं. "म्हंजी... काळजीत असल्यावर पण बऱ्याच दिसता. पण हे जास्त."

"गाडीकडे बघा," ती म्हणाली. पण तिचे कान गरम झाले होते.

त्या संध्याकाळी टाकीत नऊ लिटर बसलं. अनिसनं पंपाच्या आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोन लिटर कमी झालं, म्हणजे कुणीतरी सावध झालंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. फरहतला रात्रभर झोप आली नाही. गाडी सुधारत होती आणि ती आणखी दोषी ठरत होती.

पुढच्या खेपेला राहिलही हसला नाही. त्यानं इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मग चालू केलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीवर तिला हात ठेवायला सांगितला. दोन मिनिटांत नळी कोमट झाली. ती इतक्यात कोमट व्हायला नको, असं तो म्हणाला. इंजिन नीट तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. ती उघडीच अडकली होती. त्यामुळं इंजिन कधी तापतच नव्हतं, आणि पहाटेच्या थंडीत नुकतंच चालू केल्यासारखं सगळा रस्ताभर जास्तीचं पेट्रोल ओढत होतं.

"एवढी जुनी झडप पुण्याहूनच येईल. चार-पाच दिवस लागतील," तो म्हणाला. मग बंद काट्याकडे बोट केलं. "त्याची केबल तुटलीय. ती माझ्याकडं हाय. आत्ता टाकतो, म्हंजी घरी दाखवायला किलोमीटर तरी होतील."

फरहत पटकन म्हणाली, "नको."

त्याला कळेना.

"दवाखान्यापासून इथपर्यंत चार किलोमीटर आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "जाऊन-येऊन आठ. ते पण दिसतील."

"ते तर गाडीच्या कामाचे."

"पहिल्या दिवशी कामाचे होते..." एवढंच बोलून ती थांबली.

राहिल केबल हातात घेऊन उभा राहिला. बाहेरून कंपनीची बस गेली, धूळ आत आली, तरी त्यानं डोळे मिटले नाहीत. मग त्यानं ती केबल गुंडाळून फळीवर ठेवून दिली. तेवढ्यानं तिला सगळं समजलं, आणि आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. भाऊ म्हणत होता ते आता खोटं राहिलं नव्हतं.

तीनच दिवसांनी वाच्यता झाली. अनिसच्या ओळखीच्या कुणीतरी ही गाडी कुरकुंभ रस्त्याला उभी पाहिली होती. त्या संध्याकाळी अनिसनं गाडीची किल्ली खिशात घातली. शनिवारी अब्बा सोबत येतील, परत आल्यावर मी टाकी भरीन, असं त्यानं सांगितलं. सातच्या वर बसलं तर अब्बांसोबत जाऊनसुद्धा गाडी तेवढं पिते हे सिद्ध होईल, असं फरहत म्हणाली. त्यावर तो म्हणाला की मग गाडीच विकू, दौंड बंद. सातच बसलं तर ती खोटी ठरणार, जास्त बसलं तर गाडी जाणार; दोन्हीकडून नोकरी जाणारच होती.

तिनं राहिलला एकच ओळ पाठवली: शनिवारच्या आत झडप बसली नाही तर मी पुन्हा दौंडला येणार नाही. उत्तर आलं नाही. शुक्रवार संपला तरी आलं नाही. तिनं फोन इतक्यांदा पाहिला की अम्मीनंही तिच्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. राहिल होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. फरहत दुकानाच्या आत अब्बांचा चहा घेऊन उभी होती.

तो सरळ अब्बांपुढे गेला. सलाम करून म्हणाला, "चाचा, तुमच्या गाडीत एक खराबी हाय. ती शोधणारा मीच. पुण्याहून कालच सामान आणलं. बसवू द्या. तुमच्यासमोर बसवतो."

अनिस उठला. अब्बांनी हातानंच त्याला बसवलं आणि चष्म्यावरून त्या मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बसव."

भर बाजारात, रस्त्याच्या कडेला, अनिस डोक्यावर उभा असताना राहिलनं जुनी झडप काढली आणि अनिसच्या तळहातावर ठेवली. ती उघडी अडकलेली स्पष्ट दिसत होती. अनिसनं ती उलटीपालटी करून पाहिली.

टाकी काठोकाठ भरून फरहत आणि अब्बा निघाले. वाटेतल्या न्हावऱ्याच्या आधीच इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर आला आणि तिथं ठरला. कित्येक महिन्यांत तो एवढा वर आला नव्हता. फरहतची नजर मात्र पुन्हा पुन्हा पेट्रोलच्या काट्याकडे जात होती.

दौंडला वळसा घालून परत फिरल्यावर अब्बांनी विचारलं, "तो पोरगा फक्त गाडीसाठी आला होता का?"

समोरून उसाचे दोन ट्रॅक्टर येत होते. ते जाईपर्यंत तिनं वेळ काढला. मग म्हणाली, "नाही, अब्बा."

"आन् तू जात होतीस ती फक्त गाडीसाठी?"

"पहिल्यांदा."

अब्बांनी चष्मा काढून पुसला आणि ते समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. तो उरलेला पाऊण तास तिला आयुष्यातला सगळ्यात लांब वाटला. शिरूरची पहिली घरं आली, पंप आला. अनिस तिथं उभा होता. आणि त्याच्यापासून दोन हात लांब, भिंतीच्या सावलीत, राहिलही. तो गेलाच नव्हता.

अनिसनं पंपावरच्या माणसाकडून नळी घेऊन टाकीत घातली. आकडे पळू लागले. पाच. सहा. साडेसहा... सातला थोडं कमी असताना टाकी भरली. त्यानं थोडं थांबून पुन्हा दाबून पाहिलं. थेंबभर पेट्रोल बाहेर सांडलं.

तो फरहतच्या खिडकीशी आला. "माझं चुकलं," म्हणाला. मग जरा वेळानं, "मला वाटलं होतं ते..." आणि तो टाकीचं झाकण लावायला वळला.

अब्बा गाडीतून उतरले. त्यांनी राहिलला घर कुठं, घरी कोण, काम कुठं शिकलास, असं विचारलं. त्यानं सांगितलं, पाबळला शिकला, वडील नाहीत, आई आणि तो. अब्बांनी मान हलवली. "येत्या शुक्रवारी नमाजनंतर आईला घेऊन ये. चहाला."

राहिलचा चेहरा उजळला, पण तो लगेच हो म्हणाला नाही.

"चाचा, आणीन. पण आधी त्यांना विचारतो," म्हणून तो खिडकीपाशी आला, आणि पहिल्यांदाच इतका जवळ थांबला. त्याच्या शर्टाच्या बाहीला काळा डाग पडला होता. "फरहत, आणू का आईला?"

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पंपावरचा माणूस गाडी पुढे घ्या म्हणत होता. अनिस दुसरीकडे बघत उभा होता.

"आण," ती म्हणाली. "मी वाट बघते."