आठवा मंचक

राजकन्या थेआनो चिखल तुडवत, एकटी आली. तिचे केस कानाच्या वर कापलेले होते, घरात कुणी गेलं की कापतात तसे. ते पाहिलं आणि लाखारेसने हातातली जवाची भाकरी खाली ठेवली.

"बस पोरी. बितोन, पाणी दे तिला."

बितोन लाखारेसचा सोबती, पूर्वी घोडदळातला. गुडघा निकामी झाला आणि घरी आला. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात दिवा उशिरा लागायचा. पाणी द्यायचं सोडून तो तिच्या केसांकडेच बघत राहिला.

लाखारेस वीस वर्षं राजाचा दूत होता. दोन्ही बाजूंचं खोटं ऐकून ऐकून त्याचे कान तयार झाले होते. आता तो खालच्या वेशीजवळ राहायचा. कुणाची बकरी चोरीला गेली, कुणाचं लग्न मोडलं, की लोक त्याच्याकडे यायचे. मोबदला एक कोंबडी.

"लाखारेसकाका, बाबा गेले," थेआनो म्हणाली. "काल तिन्हीसांजेला. जेवणघरात कुणी पाठीत चाकू मारला. आणि आज दुपारी क्रातेवासदादाला भाल्यांनी मारणार आहेत. सैन्य जमतंय मैदानात."

"क्रातेवासला? का?"

"तो बाबांना मिठी मारून बसला होता. अंगभर रक्त. आणि तो बोलतच नाही काका! एक अक्षर नाही!"

"राजा होता कुठे? त्याच्या मंचकावर?"

"नाही. दादाच्या खुर्चीत."

लाखारेसच्या भुवया वर गेल्या. आमच्या केर्द्र राज्यात हे ऐकून कुणाच्याही गेल्या असत्या. जाळं न लावता ज्याने रानडुक्कर मारलेलं नाही, त्याने मेजवानीत मंचकावर आडवं व्हायचं नाही. खुर्चीत ताठ बसून जेवायचं. मग तो राजाचा थोरला का असेना! क्रातेवास अठ्ठावीस वर्षांचा, लहानपणापासून छातीने दुबळा. तो अजून खुर्चीतच होता. त्याचा सावत्र भाऊ लिकोन एकोणीस वर्षांचा, तो दोन वर्षं मंचकावर होता. सैनिक दारू प्यायले की खुर्चीत बसून खोकायची नक्कल करायचे आणि हसून लोळायचे. देर्दास राजा त्यांना कधी गप्प करत नसे.

"खुर्ची कुठे असते?"

"बाबांच्या मंचकामागे, पडद्याला टेकून. पडद्यामागून बोळ जातो, मुदपाकखान्यात आणि बायकांच्या खोल्यांत. वार पडद्यातूनच झाला. चाकू सापडला नाही."

"आणखी काही? क्षुल्लक वाटलं तरी सांग."

थेआनोने डोळे पुसले. "अंघोळ घालताना बाबांच्या मुठीत दोन सुळे निघाले. धाकटी आई म्हणाली, जुना ताईत असेल. पण त्यांना ओलं मांस होतं काका. मी स्वतः धुतलं."

"चल बितोन," लाखारेस उठला. "दुपार फार लांब नाही."

राजवाड्याच्या दाराशी पाण्याची घागर होती, वर सुरूची फांदी. मेलेल्या माणसाच्या घरचं पाणी विटाळतं, म्हणून ते दुसऱ्याच्या घरून आणावं लागतं. दोघांनी हात धुतले. शेजारी म्हातारी दासी मिर्ताले पाय चोळत बसली होती.

"धुवा, धुवा," ती करवादली. "चांभाराच्या घरून आणलंय, टेकडी चढून. माझी कंबर गेली ती गेली. आधी त्या दाराशी ठेव, मग उचल, या दाराशी ठेव. मोठ्या लोकांना एकदा धड सांगता येत नाही का?"

"कुठल्या त्या दाराशी?"

तिने अंगणापलीकडे बोट केलं. तिथे क्रातेवासचं बिऱ्हाड होतं. "पहारेकऱ्याची बोंब ऐकू आली, खून, खून म्हणून. लगेच राणीने खिडकीतून हुकूम सोडला. मी पळाले. ठेवते न ठेवते तोच सगळे म्हणायला लागले, अगं, राजा गेला, इकडे आण."

"म्हातारे, थोरांघरी असंच," बितोन म्हणाला. "आम्हाला तर लढाईतसुद्धा दोनदा उलटं वळवायचे."

"तुला काय, तुला घोडा होता!" मिर्तालेने त्याला झटकला. बितोन हसला. लाखारेस हसला नाही. तो अंगणापलीकडच्या दाराशी गेला आणि वाकून फरशीवरचा चिखलाचा गोल वळ पाहून आला.

मेन्नेस, राजाचा लंगडा भाऊ, जेवणघरातच होता. मंचक तसेच मांडलेले होते.

"मी मारलं नाही," तो आधीच म्हणाला. "राज्य मला हवं होतं, कबूल. लंगड्याला कोण देतं? घोडी अडली होती, म्हणून तबेल्यात होतो. लिकोनचा हात कोपरापर्यंत घोडीत होता. पाच माणसं साक्षीला आहेत."

लाखारेस मंचक मोजत होता. "जेवायला किती जण येणार होते?"

"सात. आणि खुर्चीत क्रातेवास. पण देर्दासदादाने दुपारी आठवा मंचक मांडायला लावला, आपल्या शेजारी. मुदपाकखान्यात म्हणाला, मांस भाजायची मोठी सळई तापत ठेवा. मी विचारलं, कुणी परका वकील येतोय का? तर नुसता हसला." मेन्नेस थांबला. "तो हसला की मी दाराजवळ सरकायचो. गादीवर बसला त्या वर्षी तो असाच हसत आमच्या दोन भावांना शिकारीला घेऊन गेला होता. परत एकटाच आला. मी लंगडा, म्हणून राहिलो."

"आठव्या मंचकाचं कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना! वहिनींना, लिकोनला, ऐकेल त्याला. लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

लिकोन तबेल्यात नव्या शिंगराजवळ बसला होता. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता. कमरेची म्यान रिकामी होती.

"चाकू कुठंय रे?"

"काल सकाळी खुंटीवर होता. म्यान राहिली, चाकू गेला. दादाने दिला होता, माझ्या पहिल्या डुकराच्या वेळी." त्याने नाक पुसलं. "त्याला स्वतःला मिळालं नव्हतं डुक्कर, तरी मला चाकू दिला. आणि लोक म्हणतात त्याने बाबांना मारलं! दादाला कुणाला मारायचंच असतं तर मला मारलं असतं ना?"

बितोनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "लाखारेस, म्यान रिकामी आहे बरं का."

"दिसतंय मला," लाखारेस म्हणाला.

राणी आग्लाइस, लिकोनची आई आणि थेआनोची धाकटी आई, प्रेताच्या उशाशी होती. तिने गाल नखांनी ओरबाडून घेतले होते. ते दुःख खोटं नव्हतं. लाखारेसने खोटं दुःख पुष्कळ पाहिलं होतं.

"एकवीस वर्षं संसार केला," ती म्हणाली. "त्या खुर्चीतल्याने एका क्षणात संपवला. पडद्याआडून वार! त्यालाच शोभतं."

"तुम्ही कुठे होतात राणीसाहेब?"

"माझ्या खोलीत. पहारेकऱ्याची बोंब ऐकली आणि धावले."

"कोण गेलं ते कळलं होतं?"

"कसं कळणार? तो नुसता 'खून' म्हणून ओरडत होता. इथे आले, आणि यांना पाहिलं." तिचा आवाज फुटला. तिने पतीचा हात कपाळाला लावला.

क्रातेवासला धान्याच्या कोठारात बांधून ठेवलं होतं. छातीवरचं रक्त तांबूस होतं, पण बाह्यांवरचं काळं, खडखडीत वाळलेलं. लाखारेसने बाहीतून एक राठ केस उपटला आणि उजेडात धरला.

"कुणाला वाचवतोयस रे?"

क्रातेवास खोकला. त्याने तोंड वळवलं.

"चाकू तू काढलास. विहिरीत टाकलास ना?"

त्याचे डोळे दाराबाहेरच्या विहिरीकडे गेले आणि झटकन परत आले. "काका, बाबा गेले," तो कसाबसा म्हणाला. "या घरातून अजून एक जायला नको. मी चालेन."

"तू चालशील! तुला काय मरायची हौस आली आहे?" बितोन ओरडला. पण त्याचेच डोळे भरून आले होते.

दुपार व्हायच्या आत लाखारेसने जेवणघरात सगळ्यांना बोलावलं. सैन्याचे तीन नायकही आले. क्रातेवासचे हात बांधलेलेच होते.

"लवकर आटप," मोठा नायक म्हणाला. "बाहेर दोन हजार माणसं उन्हात उभी आहेत."

"एकच गोष्ट सांगतो. काल सकाळी क्रातेवासने रानडुक्कर मारलं. जाळं न लावता."

"हा?" एक नायक फिसकन हसला.

"बाहीवरचं रक्त बघ. तिन्हीसांजेला सांडलेलं रक्त छातीवर आहे, ते तांबूस आहे. बाह्यांवरचं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्यात हा केस आहे. माणसाचा म्हणशील? राजाच्या मुठीत दोन सुळे होते, ओलं मांस लागलेले. ताईताला मांस नसतं. राजाने मोठी सळई तापवायला सांगितली, कारण रानातून डुक्कर यायचं होतं. आणि आठवा मंचक मांडला. परक्यासाठी नाही, पोरासाठी."

हसणाऱ्याचं तोंड मिटलं.

"म्हणजे काल ज्याच्या हाती सगळं येणार होतं, त्याने बापाला मारलं? मेजवानीच्या आधी? जो बाप एकटाच त्या शिकारीचा साक्षीदार होता? मला पटत नाही."

"मग कुणी?" मेन्नेसने विचारलं.

"खून कुणाचा करायचा होता ते आधी विचारा. त्या खुर्चीत आजवर कोण बसलं? पडद्याआडून माणूस दिसत नाही. पडदा फुगला की कळतं, कुणीतरी बसलंय. केर्द्रातल्या कुणालाही विचारा, खुर्चीत कोण? सगळे एकच नाव घेतील."

थेआनोच्या तोंडून हुंदका आला.

"वार क्रातेवासवर होता. मारणाऱ्याला आठव्या मंचकाचा अर्थ कळला होता. रात्रीपासून क्रातेवास खुर्चीत नसणार, तो वारस होणार. जे करायचं ते त्याच संध्याकाळी. चाकू लिकोनचा होता. क्रातेवासने तो ओळखला, उपसून विहिरीत टाकला आणि तोंड शिवून बसला. त्याला वाटलं, धाकट्याने केलं."

"दादा!" लिकोन पुढे धावला. "मी नाही रे! शपथ!"

"तो नाहीच. तो घोडीपाशी होता," लाखारेस म्हणाला. मग तो राणीकडे वळला, आणि त्याचा आवाज खाली आला. "राणीसाहेब, बोंब ऐकली तेव्हा कोण गेलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्हीच म्हणालात. मग मिर्तालेला घागर क्रातेवासच्या दाराशी ठेवायला का सांगितलीत?"

आग्लाइस उभी होती ती हळूहळू खाली बसली.

"मृताच्या दाराशी पाणी लवकर ठेवावं, म्हणजे घराला विटाळ लागत नाही. जन्मभराची सवय. तोंडून हुकूम सुटून गेला."

मेन्नेस तिच्यापासून दोन पावलं मागे सरला. मग आग्लाइसच बोलली, जमिनीकडे बघत.

"यांनी आपल्या भावांचं काय केलं, मेन्नेसला विचारा. या घरात जो गादीवर बसतो तो भाऊ ठेवत नाही. माझं एकच पोर आहे." तिने मान वर केली. "पण हे खुर्चीत कशाला बसले? एकवीस वर्षांत कधी बसले नाहीत हो! आत क्रातेवासचा आवाज आला होता. शब्द कळले नाहीत, पण आवाज त्याचाच. मग शांत झालं, आणि पडदा तसाच फुगलेला. कशाला बसले हे?"

नायकाने क्रातेवासच्या हातांची दोरी कापली. क्रातेवास खुर्चीकडे बघत म्हणाला,

"मीच म्हणत होतो, बाबा, उठा, कुणी बघेल. हळूच म्हणाले, थांब, तू इतकी वर्षं इथे बसलास, मला एकदा बघू दे इथून कसं दिसतं. बसूनच राहिले. म्हणाले, अरे, इथून माझं तोंडच दिसत नाही. नुसती पाठ दिसते. रडवेले झाले होते काका. मला म्हणाले, तुझ्या खोलीतल्या खोगिराच्या पिशवीतून सुळे आण, आज सगळ्यांच्या पुढ्यात टाकतो. मी आणायला गेलो. परत आलो तर..." तो खोकू लागला. "सुळे त्यांच्याच हातात दिले. त्यांच्यासाठीच मारलं होतं मी ते."

आग्लाइसने तोंडावर पदर ओढला. "मला एकदा त्यांना शिवू द्या," ती म्हणाली. मेन्नेसने नकारार्थी मान हलवली. मारणाऱ्याने मृताला शिवायचं नसतं. सकाळी ती तासभर तो हात धरून बसली होती, हे कुणी बोललं नाही.

"धाकट्या आईला कुणी हात लावायचा नाही," क्रातेवास नायकांना म्हणाला. राजा म्हणून त्याने दिलेला तो पहिला हुकूम. "तिला माहेरी पोचवा."

आग्लाइस माहेरी गेली नाही. दुपार कलली तेव्हा मिर्तालेला पुन्हा टेकडी उतरून चांभाराच्या घरी जावं लागलं. या वेळी घागर बायकांच्या खोल्यांच्या दाराशी ठेवली. म्हातारी काही करवादली नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तरकार्याचं जेवण झालं. लाखारेस आणि बितोनलाही बोलावणं होतं. रानातून आणलेल्या डुकराचं मुंडकं दारावर लावलं होतं. ते भलं मोठं होतं, आणि सैनिक त्याच्याखालून माना खाली घालून आत येत होते. आठवा मंचक मांडलेला होता, त्यावर पुष्पमाळ.

क्रातेवास आला. त्याने मंचकाकडे पाहिलं, माळ उचलून बाजूला ठेवली, आणि जाऊन खुर्चीत बसला. समोर बापाचा रिकामा मंचक होता.

"अरे, हक्क मिळाला ना आता?" बितोन कुजबुजला. "मग आडवा का होत नाही?"

लाखारेसने त्याला गप्प राहायची खूण केली.

लिकोन दारातच उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्याने कापलेल्या केसांतून हात फिरवला, मग मुदपाकखान्यात गेला आणि दूध काढायची तीनपायी बैठक उचलून आणली. ती त्याने खुर्चीशेजारी ठेवली.

"बसू का रे दादा?" त्याने विचारलं.

क्रातेवास थोडा सरकला. आपल्या पुढ्यातली भाकरी त्याने मोडली आणि अर्धी त्याला दिली.